टपालातला बेसबॉल

अँटिगो, विस्कॉन्सिन
९ जानेवारी १९८४

प्रिय डेल,

तुझं पार्सल नाताळाच्या आधी पोचलं. आत फ्लॉपी एकच, आणि भोवती वर्तमानपत्रं इतकी कोंबलेली की युमामध्ये कुणाला वाचायला काही उरलं नसेल. डेनिसने मिलवॉकीहून येताना कॉम्प्युटर आणला, टीव्हीला जोडला, "बाबा, काही बिघडत नाही, दाबा हवं ते बटण" म्हणाला आणि बायकोला घेऊन परत गेला. आता घरात मी आणि हे यंत्र. माझी व्हर्ना आज असती तर तिने त्यावर कापड टाकून वर फुलदाणी ठेवली असती.

गेम बरा आहे. फ्लॉपी घालायची, यंत्र चालू करायचं, दोन संघांची नऊ-नऊ नावं आणि त्यांचे आकडे भरायचे, बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. पुढे ते दोन्ही बाजूंनी आपलं आपण खेळतं. इवलीशी माणसं पळतात, खाली अक्षरं येतात, मधूनच प्रेक्षक ओरडल्यासारखी खरखर होते. माझा टीव्ही जुना झालाय, त्यामुळे मैदान हिरवं न दिसता उन्हाने करपल्यासारखं पिवळं दिसतं. पण एक गोष्ट मला अजिबात पटली नाही. अख्ख्या मैदानावर अंपायर नाही! हा गेम ज्याने बनवला त्याला आपण कधीतरी मैदानाबाहेर हाकललं असणार.

तुझी टपालाने खेळायची कल्पना मान्य. पाहुण्याने आपली बॅटिंगची ऑर्डर पत्रातून पाठवायची, यजमानाने सामना चालवायचा आणि स्कोर कळवायचा. एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे, असे सात. पुरावा नको, साक्षीदार नको. अकरा वर्षं एका गाडीतून गावोगाव फिरलेल्या दोन अंपायरांना आणखी काय लागतं?

माझ्या संघाचं नाव 'अँटिगो बटाटे'. नावाजलेला एकही खेळाडू घेतलेला नाही. आपल्या बारक्या लीगमधली पोरं घेतलीत, ज्यांचं पुढे काहीच झालं नाही ती. पिचर वेंडेल क्रूप. आठवतो ना, जो दर चेंडू टाकण्याआधी टोपी काढून आत बघायचा? तुझी ऑर्डर पाठव. फोन करू नकोस. तुला ऐकू येत नाही, आणि ओरडायला आता मी मैदानावर नाही.

तुझा
लॉईड

---

युमा, अ‍ॅरिझोना
२४ जानेवारी १९८४

प्रिय लॉईड,

फोनबद्दल बोललास ते बोललास. नोरीनने मला कानाचं यंत्र घ्यायला लावलंय. माझी लेक ती, तिच्यापुढे माझं काय चालणार? घेतलं, आणि खिशात ठेवलं. ट्रेलर पार्कातली माणसं दिवसभर एकमेकांच्या पोटाच्या तक्रारी सांगतात. ते ऐकण्यापेक्षा बहिरा बरा.

सोबत माझी ऑर्डर. संघ: 'युमाचे सरडे'. तुझ्याच चालीने मीही विसरलेली पोरंच घेतलीत. चौथ्या नंबरला आयव्हन सोबेक. त्याने एकदा वॉसॉला कुंपणावरून असा चेंडू मारला होता की तो पलीकडच्या अंत्ययात्रेत जाऊन पडला, आणि तू अंपायर म्हणून प्लेटमागे, बॅटरच्या पाठीशी, उभा राहून टोपी काढलीस. लोकांना वाटलं, मेलेल्यासाठी काढली. दुसऱ्या नंबरला डिक्सी पेल. वाऱ्यासारखा पळायचा, पण कुठे पळायचं ते त्याला कधी समजलं नाही.

एक विचारतो, तू पत्र मार्करने का लिहितोस? पानभर नऊ ओळी. अरे लेका, माझे कान गेलेत, डोळे नाहीत. पाकिटावरचा पत्ता बघून टपालवाला मला म्हणाला, "काका, तुमचा मित्र तुमच्यावर चिडलाय का?"

तुझा
डेल

---

अँटिगो
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय डेल,

मार्कर थंडीमुळे. इथे पेनातली शाई गोठते. तुझं पत्रही उशिरा मिळालं, कारण बर्फ काढणाऱ्या गाडीने माझी टपालपेटी आडवी केली. आजकालच्या ड्रायव्हरांना डोळे असतात की नाही कोण जाणे.

पहिला सामना झाला. बटाटे आठ, सरडे सहा. मी जिंकलो. क्रूप चांगला टाकत होता. दुसऱ्या सामन्यालाही माझी तीच ऑर्डर ठेव, आकड्यांसकट सोबत जोडलीय; जिंकणारी माणसं बदलू नयेत.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे-जेवण होतं. गेलो नाही. रस्ता निसरडा होता.

तुझा
लॉईड

---

युमा
१ मार्च १९८४

प्रिय लॉईड,

अभिनंदन, म्हाताऱ्या. पण तुझं पत्र आहे की तार? 'क्रूप चांगला टाकत होता' एवढंच? माझ्या सोबेकने काय केलं? पेल पळाला का? डोळे लावून वाट बघत होतो मी त्या पत्राची, आणि तू मला आठ-सहा लिहून वाटेला लावलंस!

बघ, सामन्याची हकीकत कशी लिहायची ते. दुसरा सामना इथे, माझ्या टीव्हीवर, नोरीनने केलेली राजम्याची चिली खात पाहिला. सरडे सात, बटाटे एक. तुझा क्रूप तिसऱ्या डावात कोलमडला. पेलने कुणी चेंडू मारायची वाट न बघता पळून दोन बेस चोरले आणि मग उगाच तिसरा चोरायला गेला आणि बाद झाला. तंतोतंत तोच तो! ज्या माणसाने हा गेम बनवला त्याने पेलला पाहिलेलंच नाही, मी नुसता एक आकडा भरला, आणि तरी पेल गाढवासारखा तिसऱ्या बेसकडे पळाला. मी एकटाच खुर्चीत हसत होतो. नोरीन येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेली.

एक-एक झाले. तुझ्याकडच्या सामन्यासाठी तीच ऑर्डर, फक्त पेल सातव्या नंबरला. आणि या वेळी नीट लिही.

तुझा
डेल

---

अँटिगो
२० मार्च १९८४

प्रिय डेल,

तिसरा सामना तू जिंकलास. सरडे पाच, बटाटे तीन. अभिनंदन. सोबेकने काय केलं ते लक्षात राहिलं नाही, मध्येच दारावर कुणीतरी आलं होतं.

बर्फ वितळतोय, सगळीकडे चिखल. चर्चच्या लीगवाल्यांनी या उन्हाळ्यातही प्लेटमागे उभं राहाल का म्हणून विचारलंय. हो म्हटलं. नाही कशाला म्हणायचं?

तुझा
लॉईड

---

युमा
१४ एप्रिल १९८४

प्रिय लॉईड,

चौथा सामना तू जिंकलास, बटाटे दोन, सरडे एक. म्हणजे दोन-दोन झाले. एरवी मी तुझ्यासाठी पानंच्या पानं लिहिली असती, पण झालं ते वेगळंच.

सातव्या डावात वीज गेली. इथे ऊन आताच भाजायला लागलंय, पार्कातल्या सगळ्यांचे एसी एकदम चालू होतात. वीज आली तेव्हा मी परत सगळी नावं भरली आणि पहिल्यापासून सुरू केलं. पहिल्या डावात सोबेक हवेत उडवून बाद. मघाशीही तसाच झाला होता. दुसऱ्यात तुझ्या माणसाने डावीकडे मारला. मघाशीही डावीकडेच. मी डोक्यावर ओला रुमाल ठेवला, म्हटलं ऊन लागलं. पण सातव्या डावापर्यंत चेंडूमागून चेंडू तोच सामना, लॉईड. एका केसाचा फरक नाही.

गावात कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, यंत्राकडे नशीब नसतं. तुम्ही ते चालू केलंत की ते दर वेळी आकड्यांची तीच माळ पहिल्या मण्यापासून ओढायला घेतं. तीच नावं, तेच आकडे, तीच ऑर्डर भरलीत, तर सामना तोच होणार."

मला इतका आनंद झाला! म्हटलं, म्हणजे लॉईडने जे दोन ओळींत गुंडाळलं ते सामने आपल्याला इथे बसून बघता येतील. तपासायला म्हणून नव्हे, व्हर्नाची शपथ. मला फक्त सोबेक बघायचा होता. पहिला सामना लावला. तुझी ऑर्डर, माझी ऑर्डर, जशीच्या तशी.

सरडे सहा, बटाटे तीन.

तू आठ लिहिलं होतंस. मी यंत्र बंद करून परत लावलं, पुन्हा परत लावलं. तीनच येतात.

आता तू सांग. हाताने आकडा चुकला असेल तर तसं म्हण, मी हसून सोडून देतो. पण तू नुसता आकडा लिहिला नव्हतास, 'मी जिंकलो' असंही लिहिलं होतंस. आकडा चुकेल, जिंकणारा कसा चुकेल? मला वाईट वाटलं, लॉईड. खोटं कशाला सांगू? या गेममध्ये जिंकून मिळतं तरी काय? आणि तेही माझ्याशी?

तुझा
डेल

---

अँटिगो
२१ एप्रिल १९८४

डेलमर,

तुझं पत्र मिळालं.

एकतीस वर्षं मी प्लेटमागे उभा राहिलो. लोकांनी मला आंधळा म्हटलं, माझ्या आईचा उद्धार केला, अ‍ॅबरडीनला माझ्या गाडीच्या टाकीत साखर ओतली. चोर मात्र कुणी म्हटलं नव्हतं. त्याला माझ्या शेजारच्या सीटवर अकरा वर्षं बसलेला माणूस लागला.

मी आठ पाहिले आणि आठ लिहिले. माझा निकाल तोच. तुझं यंत्र काय म्हणतं ते तुझ्या यंत्रापाशी ठेव.

फ्लॉपी परत पाठवतोय. ऑर्डर पाठवू नकोस.

लॉईड हॅकबार्थ

---

युमा
१५ मे १९८४

प्रिय लॉईड,

फ्लॉपी पोचली. तुझं आडनावासकट सही केलेलं पत्रही पोचलं. तुझं आडनाव मला माहीत होतं रे.

मी तीन आठवडे धुमसत होतो. नोरीनला म्हटलं, त्या माणसाचं नाव या घरात घ्यायचं नाही. ती म्हणाली, "बाबा, घेताय तुम्हीच." मग परवा रागाच्या भरात मी ठरवलं, तिसरा सामनाही लावून बघू, याने आणखी कुठे काय केलंय ते एकदाच कळू दे. तू मार्चमध्ये लिहिलं होतंस, सरडे पाच, बटाटे तीन, म्हणजे मी जिंकलो. माझं अभिनंदनही केलं होतंस.

यंत्र म्हणालं, सरडे पाच, बटाटे आठ.

तू जिंकला होतास, लॉईड! जिंकलेला सामना तू माझ्या ओंजळीत टाकलास आणि वर अभिनंदन केलंस. चोर स्वतःच्याच घरात चोरी करत नाही, एवढं तर मलाही समजतं. मी तुला चोर म्हटलं नाही, पण म्हणायचं काही बाकीही ठेवलं नाही. चुकलं माझं. मनापासून माफी मागतो.

मग मी तुझी सगळी पत्रं काढून बसलो. तो मार्कर. तो पिवळा टीव्ही. ती टपालपेटी. एकदा आठ जिथे तीन होते, एकदा तीन जिथे आठ होते. यावरून मला जे वाटतं ते मला वाटतं. पण ते मी लिहिणार नाही. का, ते तुला ठाऊक आहे. बॅट अर्धी फिरली की पूर्ण, हे प्लेटमागच्याला नीट दिसलं नाही तर तो बेसवरच्या जोडीदाराकडे बोट करतो. बोट केल्याशिवाय बेसवाल्याने तोंड उघडायचं नाही. पहिल्या वर्षी मी एकदा न विचारता बोललो होतो, तर ओ क्लेअर येईपर्यंत गाडीत तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. बरोबर होतं तुझं. पुढच्या दहा वर्षांत मी ती चूक केली नाही.

पण तू विचारायचास, लॉईड. वॉसॉला नवव्या डावात, गावच्या सगळ्या लोकांचा जीव त्या एका चेंडूवर टांगलेला असताना, तू तोंडावरचा जाळीचा मुखवटा काढून माझ्याकडे बोट केलंस. नंतर आपल्याला मागच्या दाराने पळावं लागलं, पण मला त्या दिवसाइतका अभिमान कधी वाटला नाही. विचारायला छाती लागते.

कानाचं यंत्र मी परवापासून खिशातून काढून कानात घालतोय. पक्षी फार आहेत इथे. मला माहीतच नव्हतं.

मी पहिल्या बेसच्या रेषेवर उभा आहे. घाई नाही.

तुझा
डेल

---

अँटिगो
३ जून १९८४

प्रिय डेल,

तुझं पत्र मला वाचता आलं नाही. भिंगाखाली धरलं, खिडकीत धरलं, तरी नाही. ते तसंच पडून होतं.

मग मंगळवारी मी ट्रक घेऊन गावात निघालो होतो. डावीकडून कुणीतरी ओरडलं म्हणून ब्रेक दाबला. समोर शेजारची मिसेस झोबेल उभी होती, हातात कुत्र्याचा पट्टा धरून. मला तो खांब वाटला होता, आणि मी खांबाला वळसा घालण्याच्या बेतात होतो, पण कुठल्या बाजूने ते ठरलं नव्हतं. ती खिडकीशी आली. मला वाटलं आता शिव्या देईल. म्हणाली, "लॉईड, किल्ली मला द्या." दिली. तिने ट्रक घरी आणला आणि मी चालत आलो. मग तिने कॉफी केली. मी तुझं पत्र पुढे केलं आणि म्हटलं, चष्मा सापडत नाहीये, जरा वाचता का? ती म्हणाली, "तो तुमच्या नाकावर आहे."

तिने वाचून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, म्हणजे खिडकीच्या दिशेने.

आता सगळं सांगतो. टपालपेटी मीच पाडली. गेल्या सप्टेंबरात लायसन्सच्या कचेरीत माझ्या पुढच्या माणसाने भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचली. मी ती पाठ केली आणि माझी पाळी आली तेव्हा घडाघडा म्हणून दाखवली. तेव्हा चोर मी होतोच, डेल. फक्त तू पकडलंस तिथे नव्हतो. चर्चच्या लीगमध्ये गेले दोन उन्हाळे मी आवाजावर निकाल देतोय. कॅचरच्या हातमोज्यात चेंडू थाड् वाजला की स्ट्राइक, फुसका वाजला की बाहेरचा चेंडू. कुणी तक्रारही केली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं. तुझ्या गेममध्येही मी खरखर ऐकून अंदाज बांधायचो आणि शेवटी काचेला नाक लावून आकडा बघायचो. आठ दिसले. देवाशपथ आठच दिसले.

मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. डेनिसला माहीत नाही. त्याला कळलं तर लायसन्स जाईल, आणि गावापासून आठ मैलांवर लायसन्स नसलेला म्हातारा राहू शकत नाही. तो मला मिलवॉकीला नेऊन त्याच्या तळघरात ठेवेल, चांगल्या मनानेच ठेवेल.

ऑपरेशन करा म्हणतात. माझ्या वडिलांचं केलं होतं. मी सोळा वर्षांचा होतो. त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना तीन आठवडे उताणं झोपवलं होतं, हलायचं नाही, हसायचंही नाही. पट्टी काढली तर जे थोडं दिसत होतं तेही गेलं. पुढे ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि आलेला माणूस पावलांवरून ओळखायचे. चुकले तर हसायचे. मला ते हसू नको, डेल. मला भीती वाटते. हे मी व्हर्नालाही कधी म्हटलं नव्हतं.

हे पत्र मिसेस झोबेल माझ्यासाठी लिहितेय. ती म्हणते खांबाबद्दल तिची काही तक्रार नाही.

मी मुखवटा काढलाय. बोट तुझ्याकडे आहे. तू काय पाहिलंस?

तुझा
लॉईड

---

युमा
८ जून १९८४

प्रिय लॉईड,

तुला दिसत नाही. ऑपरेशन करून घे.

जोडीदाराने विचारलं की भाषण करायचं नसतं, म्हणून निकाल आधी लिहिला. बाकीचं आता.

आमच्या पार्कात निम्म्या लोकांचं हे झालंय. वाळूच्या पिशव्या गेल्या, त्या काळाबरोबर. आता डोळ्यात चिमुकलं भिंग बसवतात. आमचा क्लॅरेन्स सकाळी गेला, दुसऱ्या दिवशी परत आला आणि तिसऱ्या दिवशी पत्त्यांत मला लुटलं. तुला भीती वाटते हे बरोबर आहे, मलाही वाटली असती. वाटू दे. भीती वाटत असतानाही जाता येतं.

डेनिसला तू सांग. मी सांगणार नाही, ते माझं काम नव्हे.

मी बसने येतोय. एकोणीस तारखेला वॉसॉला उतरेन, मिसेस झोबेलला घ्यायला यायला सांग. ऑपरेशन होऊन तू सावरेपर्यंत मी तुझा ड्रायव्हर आणि स्वयंपाकी. चिली एवढंच येतं. कानाचं यंत्र घालून येतोय, कारण तू 'डावीकडे' म्हणालास आणि मी ऐकलं नाही, तर एक आंधळा आणि एक बहिरा मिळून त्या बिचाऱ्या बाईला या वेळी नक्की उडवतील. फ्लॉपीही आणतोय.

तुझा
डेल

---

अँटिगो
१२ ऑगस्ट १९८४

प्रिय डेल,

पेनाने लिहितोय, बघ. उजवा डोळा छान चाललाय. डाव्याची तारीख ऑक्टोबरातली आहे. डेनिस रोज फोन करतो, मी उचलतो. तू गेल्यापासून घर फार शांत झालंय. तुझी चिली अजून फ्रीजमध्ये आहे, मिसेस झोबेलच्या कुत्र्यानेही खाल्ली नाही.

तुला त्या दिवशी सांगितलं नव्हतं ते सांगतो. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, खुर्चीत एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपलाय. डॉक्टर म्हणाले, तो तुमचा मित्र आहे, सकाळपासून बसलाय. डेल, जूनमध्ये तू बसमधून उतरलास तेव्हा मला तू पूर्वीसारखाच वाटला होतास, सरळ, काळ्या केसांचा. तुझे केस कधी गेले? तू इतका म्हातारा कधी झालास? मी तुला उठवलं नाही. जरा वेळ नुसता बघत बसलो. मला रडू आलं, आणि डॉक्टर म्हणाले की डोळ्याला ते चालत नाही.

गेल्या आठवड्यात मिसेस झोबेलने मला लायसन्सच्या कचेरीत सोडलं. मी खिडकीतल्या मुलीला म्हटलं, माझी परीक्षा परत घ्या. ती म्हणाली, "तुमचं लायसन्स अजून चालू आहे, मग कशाला?" मी म्हटलं, गेल्या वेळी मी वाचलं नव्हतं. तिने मॅनेजरला बोलावलं. त्याने घेतली. एका डोळ्याने जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं, जिथे नाही आलं तिथे नाही आलं असं सांगितलं. आता डावा डोळा होईपर्यंत फक्त उजेडात गाडी चालवायची परवानगी आहे. चर्चच्या लीगवाल्यांनाही सगळं सांगितलं. एकाने विचारलं, मग गेल्या वर्षीचे निकाल? मी म्हटलं, तेच राहतील, आता कुणाला आठवतात? पण मनातून लाज वाटली. आता प्लेटमागे शाळेतली एक मास्तरीण उभी राहते. तिला नियम येत नाहीत, पण दिसतं तरी.

काल पाचवा सामना चालवला, तू इथे असताना आपण दोघांनी लिहून ठेवलेल्या नव्या ऑर्डरने. दुपारी पडदे ओढून बसलो आणि पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत पाहिला. आता हकीकत ऐक, तू मागितली होतीस ना. क्रूपने पहिल्या चार डावांत तुझ्या कुणाला बेसवरून हलू दिलं नाही. पाचव्यात माझ्या दोन धावा झाल्या, सहाव्यात आणखी एक. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो, एकटाच, या वयात. मग आठव्यात तुझ्या पेलने बेस चोरला, आणि या वेळी त्याला थांबायचं कुठे ते समजलं; पुढच्या फटक्यावर तुझी एक धाव झाली. नवव्यात दोन बाद, दोन बेसवर, आणि सोबेक आला. मला वाटलं क्रूप आता टोपी काढून आत बघेल, पण यंत्राला ते येत नाही. सोबेकने उजवीकडे कुंपणावरून मारला. तो बारीक पांढरा ठिपका पडद्याच्या कडेबाहेर जाईपर्यंत मला दिसत होता.

सरडे चार, बटाटे तीन. मी हरलो.

तुझ्याकडे दोन्ही ऑर्डर आहेत. यंत्र चालू कर आणि तपासून बघ. मला राग येणार नाही, डेल. तू तपासावंस असंच मला वाटतंय.

तुझा
लॉईड